केशविन्यासातला ‘विन्यास’ आणि योगवर्गातला ‘विन्यास’

प्रश्न : एका योगशिक्षिकेने आपल्या वर्गाच्या फलकासाठी ‘श्वासकेंद्रित विन्यासा फ्लो, सर्व स्तरांसाठी’ असा मजकूर योजला आहे. यातला ‘विन्यासा’ आणि केशविन्यासातला ‘विन्यास’ एकच का, ‘फ्लो’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा आणि एकूण मजकूर मराठी वाटतो का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : शब्द एकच आहे, मात्र मराठी वाचकाच्या मनातला त्याचा अर्थ आणि योगवर्गातला अर्थ यांत बरेच अंतर पडले आहे.

‘टाकणे, फेकणे’ या अर्थाच्या ‘अस्’ धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागला की ‘न्यास’ होतो, म्हणजे खाली ठेवणे किंवा ठेवलेली वस्तू, ठेव. देवस्थानांच्या नावांत दिसणारा ‘न्यास’ हाच, स्तोत्रपाठाआधी ‘हृदयाय नमः, शिरसे स्वाहा’ म्हणत शरीराच्या एकेका भागाला स्पर्श करून केले जाणारे अंगन्यास आणि बोटांवरचे करन्यासही हेच, आणि सारे खाली ठेवून बाहेर पडणाऱ्याचा ‘संन्यास’ही याच घरातला. त्याच्या आधी ‘वि’ लागला की नुसत्या ठेवण्याला मांडणीची छटा येते, म्हणजे अनेक गोष्टी ज्याच्या त्याच्या जागी लावल्या जातात. केशविन्यास, शब्दविन्यास, वाक्यविन्यास हे आपल्या ओळखीचे शब्द याच अर्थाने चालतात, आणि नृत्याच्या संदर्भात येणारा ‘पदविन्यास’ म्हणजे पाऊल टाकण्याची रीत. योगवर्गांत ‘वि म्हणजे विशेष, न्यास म्हणजे ठेवणे’ अशी फोड सांगतात. ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही, पण तिच्यातून श्वास कुठूनही निघत नाही, हे लक्षात ठेवावे.

जुन्या योगग्रंथांतही तो निघत नाही. ‘हठप्रदीपिके’च्या पहिल्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, पश्चिमतानासन सांगताना कपाळ गुडघ्यांवर ‘न्यस्त’, म्हणजे टेकवलेले, असावे असे म्हटले आहे, आणि सिद्धासन सांगताना पाऊल ‘दृढं विन्यसेत्’, म्हणजे घट्ट ठेवावे, असे. दोन्हीकडे प्रश्न अवयव कुठे ठेवायचा एवढाच आहे. पतंजलींच्या सूत्रांत ‘विन्यास’ नाहीच. त्यांच्या तिसऱ्या पादात, म्हणजे भागात, ‘न्यास’ येतो, पण तो प्रवृत्तीचा प्रकाश एखाद्या विषयावर टाकण्याबद्दल. संगीतातली गंमत तर याच्याही पुढची आहे. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला रचल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘विन्यास’ हे जातिगायनाच्या, म्हणजे रागांच्या आधीच्या ‘जाति’ नावाच्या स्वररचनांच्या, तेरा लक्षणांपैकी एक असून गीतातल्या एखाद्या पदाच्या अखेरीस जिथे विसावायचे तो स्वर असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे गाण्यात जो विसावा, तो आज योगात चालता सराव झाला आहे.

हा बदल विसाव्या शतकात, म्हैसूरला झाला. राजाश्रयाने 1933 साली जगन्मोहन राजवाड्यात सुरू झालेल्या योगशाळेत तिरुमलै कृष्णमाचार्य शिकवत असत आणि 1934 साली कन्नडमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘योग मकरंद’ या पुस्तकात प्रत्येक आसनाचे टप्पे ‘विन्यास’ म्हणून मोजलेले आहेत. त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस यांनी हीच मोजणी ‘अष्टांग विन्यास’ या नावाने जगभर नेली. त्यांच्या पहिल्या प्रकारच्या सूर्यनमस्कारात नऊ विन्यास आहेत, दुसऱ्यात सतरा. शिक्षक ‘एकम्’ म्हणतो तेव्हा श्वास घेत हात वर जातात, ‘द्वे’ म्हणतो तेव्हा श्वास सोडत कंबरेतून खाली वाकायचे, ‘त्रीणि’ला पुन्हा श्वास घेत मान उचलायची. एक आकडा, एक हालचाल आणि अर्धा श्वास यांची अशी गाठ बांधलेली असते. ज्याला आज ‘विन्यास’ म्हणतात तो पारिभाषिक अर्थ या गाठीतून आला आहे, आणि म्हणून तो व्युत्पत्तीत शोधून सापडत नाही.

याच म्हैसूरच्या शाळेतून निघून 1937 साली पुण्याला आलेले कृष्णमाचार्यांचे मेहुणे बी. के. एस. अय्यंगार यांनी भर दिला तो आसनातल्या अचूक मांडणीवर : टाच कुठे, गुडघ्याची वाटी कुठे, खांदा किती मागे. मराठी माणसाला ‘विन्यास’ या शब्दातून जे ऐकू येते ते नेमके हेच. तरीही त्या पद्धतीला कोणी विन्यास म्हणत नाही आणि जी थांबत नाही तिला मात्र म्हणतात. संज्ञा अशाच घडतात. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, पण ‘विन्यास वर्ग’ एवढेच लिहिले तर नवख्या वाचकाला काहीच उलगडणार नाही, एवढे फलक लिहिणाऱ्याने धरून चालावे.

आता ‘विन्यासा’. शेवटचा ‘आ’ रोमन लिपीतून आलेला आहे, ‘योगा’तला आणि ‘आसना’तला येतो तसाच. मराठीत तो विन्यास, पुल्लिंगी. विन्यासाचा वर्ग, विन्यासात बसवलेली आसने. ‘योगा’ आता इतका रुळला आहे की त्याला हटकण्याचा उत्साह माझ्यात उरलेला नाही, पण ‘विन्यासा’ अजून दारातच आहे, त्याला तिथूनच परतवता येईल.

‘फ्लो’साठी ‘प्रवाह’ सुचवला जातो. तो मला कृत्रिम वाटतो, कारण मराठीत विचारप्रवाह आणि विद्युत्प्रवाह असतात, आसनांचा प्रवाह असतो असे कोणी बोलत नाही. ‘ओघ’ बोलण्याला किंवा लेखनाला शोभतो. येथे सांगायचे आहे ते एवढेच की एका आसनातून दुसऱ्यात मध्ये न थांबता जायचे, आणि त्यासाठी ‘सलग’ हा साधा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. शिवाय विन्यास म्हटल्यावर सलगपणा संज्ञेतच आला, त्यामुळे ‘विन्यास फ्लो’ ही द्विरुक्ती ठरते.

‘श्वासकेंद्रित’ व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु त्यातून श्वासाकडे लक्ष ठेवायचे एवढाच बोध होतो. या सरावात ठेका श्वासाचा असतो आणि शरीर त्यामागून चालते. म्हणून ‘श्वासाच्या लयीत’ अधिक नेमके. ओघात आणखी एक सूचना : वर्गात सूचना देताना ‘निःश्वास’ हा शब्द टाळावा. संस्कृतात तो चालतो, मराठीत तो सुटकेचा किंवा दुःखाचाच असतो. योगसूत्रातली ‘श्वास-प्रश्वास’ ही जोडी अभ्यासकांपुरती ठीक आहे. वर्गात ‘श्वास घेत’, ‘श्वास सोडत’ यांना पर्याय नको.

‘सर्व स्तरांसाठी’ वाचून समाजाचे स्तर आठवतात. ‘नवख्यांसाठी आणि सरावलेल्यांसाठीही’ असे लिहावे.

तेव्हा फलक असा करता येईल : ‘विन्यास योग : श्वासाच्या लयीत सलग आसने. नवख्यांसाठी आणि सरावलेल्यांसाठीही.’ मूळ मजकुरापेक्षा हा थोडा लांब आहे. जागा कमी पडत असेल तर ‘विन्यास योग’ बारीक अक्षरांत घ्यावे आणि ‘श्वासाच्या लयीत सलग आसने’ ठळक ठेवावे.