फोनमध्ये जीपीएस असताना जिओकॅशिंगसाठी हातातलं वेगळं यंत्र घ्यावं का? त्याची "३ मीटर अचूकता" खरी असते का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातच राहता, एकाच कॅशच्या (या खेळात कुणीतरी लपवून जागेचे आकडे जाहीर केलेल्या डब्याच्या) शोधात दोनदा गेलात, फोनने पहिल्यांदा एका बाभळीपाशी नेलं आणि दुसऱ्यांदा तिथून सात-आठ पावलं लांब. आणि मित्र म्हणाला, "फोनचं जीपीएस खोटं, यंत्र घे, ते बरोबर जागेवर नेतं." मित्राचं पहिलं म्हणणं चूक आहे आणि दुसरंही. असंच "खोटं" मी माझ्या थोरल्या दिरांकडून यंत्राबद्दल २०१४ पासून ऐकतेय, त्यामुळे उत्तर लांबेल.

मी शाळेत भूगोल शिकवते. माझ्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स ३० हे हातातलं जीपीएस यंत्र आहे, भाच्याने वापरून मला दिलेलं. आमची शेती नान्नजच्या पुढे. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत घरात नऊ पोरं जमली होती. मी आदल्या संध्याकाळी पोह्यांचा स्टीलचा डबा घेतला, आत वही, पेन्सिल, नऊ भोवरे घातले आणि ओढ्याच्या अलीकडे चिंचेच्या ढोलीत ठेवला. पोरांना त्यात शेंगाचटणीच्या पुड्या ठेवायच्या होत्या. मी ठेवू दिल्या नाहीत. कॅशमध्ये खायची वस्तू ठेवायची नसते, मुंग्या आणि उंदीर आपल्या आधी पोचतात. (जगातल्या पहिल्या कॅशमध्ये मात्र घेवड्याच्या बियांचा बंद डबा होता. नियम त्यानंतर झाले.)

सकाळी दोन गट केले. चार पोरं माझ्याबरोबर, यंत्र घेऊन. पाच पोरं थोरल्या दिरांबरोबर, म्हणजे आमच्या अण्णांबरोबर, त्यांचा नवा फोन घेऊन. जागेचे आकडे मी कागदावर लिहून दिले होते. आम्ही चिंचेपाशी पोचलो तेव्हा यंत्र अजून ६ मीटर दाखवत होतं, बाण ओढ्याकडे. मी यंत्र खिशात घातलं आणि पोरांना म्हटलं, आता डोळ्यांनी बघा. दहा मिनिटांत धाकट्या पुतणीला ढोली दिसली.

अण्णांचा गट तासाभराने आला. ओढा ओलांडून दुसऱ्याच कुणाच्या डाळिंबाच्या बागेत पोरांना उन्हात हिंडवलं होतं. एकाला घोळणा फुटला. जेवताना सगळ्या पाहुण्यांसमोर अण्णा म्हणाले, "हिचं यंत्र खोटं हाय. मास्तरीण झाली म्हणून सगळं येतंय व्हय?" दुसऱ्या दिवशी मी समजवायला गेले, तर यंत्र हातात घेऊन चिंचेखाली उभे राहिले आणि म्हणाले, "काल हितं दावलं, आज चार पावलं तिकडं. काय खरं मानायचं ह्याचं?"

थोरल्यांसमोर तेव्हा बोलता आलं नाही. गणित इथे मांडते, कारण तुमच्या फोनमध्येही हीच चूक होऊ शकते.

जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत देतात. मी लिहिलं होतं ४९.५०० मिनिटं उत्तर, ५१.३०० मिनिटं पूर्व. अण्णांच्या फोनमधल्या ॲपला अंश, मिनिटं, सेकंद हवे होते. त्यांनी टाकलं ४९ मिनिटं ५० सेकंद, ५१ मिनिटं ३० सेकंद. पण ४९.५०० म्हणजे साडेएकोणपन्नास, म्हणजे ४९ मिनिटं ३० सेकंद. तसंच ५१.३०० म्हणजे ५१ मिनिटं १८ सेकंद. अक्षांशात २० सेकंद जास्त. एक सेकंद साधारण ३१ मीटर, म्हणजे उत्तरेकडे सहाशे मीटरच्या वर. रेखांशात १२ सेकंद जास्त. आपल्या अक्षांशावर तो सेकंद साडेएकोणतीस मीटरचा, म्हणजे पूर्वेकडे साडेतीनशे. तिरकं अंतर सातशे मीटर. डाळिंबाची बाग तिथेच आहे. यंत्र खोटं बोललं नव्हतं आणि फोनही नाही, आकडे चुकीच्या चौकटीत भरले गेले होते. तुम्ही आधी हेच तपासा: ॲपची चौकट कुठली आहे (दशांश मिनिटं की सेकंद) आणि डेटम, म्हणजे आकडे ज्या पृथ्वी-मापावर बसवलेत ते, डब्ल्यूजीएस ८४ आहे ना. जुन्या छापील सर्व्हे नकाशावरून आकडे उचलले असतील तर तो एव्हरेस्ट डेटमचा असतो, तसाच भरला तर जागा सरकते.

आता ती "चार पावलं". उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. यंत्र त्यांच्याकडून काही पाठवून मागवत नाही, नुसतं ऐकतं आणि संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. जागा आणि उंची ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे दहा नॅनोसेकंदांचा घोळ झाला की ३ मीटर गेले. आणि घोळ व्हायला कारणं भरपूर. वर आयनांबर, म्हणजे हवेचा उंचावरचा विद्युतभारित थर आहे, तो लहरीला उशीर करतो, भरदुपारी जास्त, आणि भारत विषुववृत्ताजवळ असल्याने इथे तो युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त छळतो. शिवाय उपग्रह सरकत असतात, प्रत्येक जण साधारण बारा तासांत एक फेरी करतो, त्यामुळे सकाळची आकाशातली मांडणी दुपारी नसते. चिंचेच्या दाट पानांखाली तर संदेश अडतो, फांद्यांवर आदळून येतो. पडद्यावरचे "३ मीटर" हा यंत्राने स्वतःच्या चुकीचा बांधलेला अंदाज आहे. बऱ्याच नोंदी त्या वर्तुळात पडतात, काही बाहेरही पडतात. कॅश लपवणाऱ्याने नोंद घेतली तेव्हा त्याची चूक झाली, तुम्ही दोनदा शोधायला गेलात तेव्हा दोन्ही वेळा तुमची, वेगवेगळी. सगळं मिळून सात-आठ पावलं सहज होतात. तुमचं काहीही बिघडलेलं नाही.

हा खेळ तर ही चूक कमी झाली, पण संपली नाही, यातूनच जन्मला. मे २००० पर्यंत अमेरिकी सैन्य नागरी संदेशात मुद्दाम गडबड घालत असे, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती गडबड थांबवल्याबरोबर, ३ मे २००० ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये रानात एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. यंत्र आता बादलीच्या आसपास तरी नेईल एवढाच त्याचा भरवसा होता. शेवटचे दहा मीटर माणसानेच शोधायचे.

अण्णांना हे पटलं नाही, ते मी सोडूनही दिलं असतं. पण पाच वर्षांनी, दिवाळीत, त्यांनीच माझ्याकडे यंत्र मागितलं. शेजाऱ्याने बांध कोरलाय, दोन फूट आत आलाय, म्हणे. ज्याला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं त्यालाच आता साक्षीला उभं करायचं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुतण्याकरवी कपाटातून नेलं, बांधाबांधाने चालले आणि क्षेत्र काढलं. उतारा एक एकराचा, यंत्रावर आलं साडेअडतीस गुंठे. "दीड गुंठा खाल्ला" म्हणत त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन भांडून आले. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने मी चालले तर साडेचाळीस आले.

एक एकराचा चौकोनी तुकडा घ्या, बाजू साधारण ६४ मीटर. एक बाजू यंत्राच्या चुकीने ३ मीटर सरकली की १९२ चौरस मीटर इकडचे तिकडे, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. दोन फुटांचा वाद अशा यंत्राने सुटत नाही, सुटूच शकत नाही. त्याला मोजणीचा अर्ज करायचा असतो. मोजणीवाले रोव्हर (फार अचूक जीपीएस यंत्र) आणतात, त्याला जमिनीवरच्या कायमच्या केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळते, म्हणून तो सेंटिमीटरमध्ये बोलतो. शेवटी मोजणी झाली, दगड बसले, मोजणी नकाशाची 'क' प्रत आली. बांध जागेवरच होता. फक्त एका कोपऱ्यात फूटभर सरकलेला होता, तोही आमच्याच फायद्याचा. शेजाऱ्याच्या घरची वहिनी माझी लग्नापासूनची मैत्रीण. तेव्हापासून संक्रांतीला ती वाण घेऊन येत नाही आणि मला बोलावत नाही. आणि अण्णा अजून सांगतात की घोटाळा यंत्राने केला.

त्या हद्दीच्या दगडावर यंत्र ठेवून मी नंतर नोंद घेतली. यंत्रात बिंदूची सरासरी काढायची सोय आहे, ती वापरून, प्रत्येक वेळी मध्ये दीडेक तास सोडून, चार वेळा. सरासरी दगडापासून पावणेदोन मीटरवर पडली. माझ्या मते हातातल्या यंत्राचं हे उत्तम काम आहे. अण्णांच्या मते हाही पुरावा माझ्याविरुद्धच.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येते. नुसते शहरातले कॅश शोधायचे असतील तर फोन पुरे, पैसे घालवू नका. रानात, उन्हात, दिवसभर हिंडणार असाल तर यंत्र घ्या. मे महिन्यात आपल्याकडे फोन हातात तापून पडदा मंद करतो, यंत्राचा पडदा जितकं ऊन तितका स्वच्छ दिसतो. दोन पेन्सिल सेलवर माझं जवळपास २५ तास चालतं. रेंज नसली तरी अडत नाही. वापरलेलं घेणार असाल तर होकायंत्र असलेलं बघा: ईट्रेक्स ३० मध्ये आहे, १० आणि २० मध्ये नाही. त्याशिवायच्या यंत्राचा बाण तुम्ही चालत असाल तरच खरा, उभं राहून गोल फिरलात की दिशा फसवते. सेल बदलले की होकायंत्र नव्याने जुळवून घ्या, आणि ट्रॅक्टर किंवा विहिरीवरच्या मोटारीशेजारी उभं राहून दिशा बघू नका. सेटिंगमध्ये वॉस-इग्नॉस नावाचा, जीपीएसची चूक दुरुस्त करणाऱ्या उपग्रहांचा पर्याय असतो, नाव परदेशी असलं तरी आपला गगन उपग्रह मिळाला तर त्याचीही दुरुस्ती त्यातूनच येते. चालू ठेवा. महिनोनमहिने कपाटात पडलेलं यंत्र बाहेर काढलं की उघड्या आभाळाखाली पंधरा मिनिटं ठेवा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

आपल्याकडे कॅश विरळ, तेव्हा स्वतः लपवावे लागतील. डबा पुरायचा नाही. दोन कॅशमध्ये किमान १६१ मीटर अंतर आणि जागामालकाची परवानगी हवी. सिद्धेश्वर तलावाकाठी, किल्ल्याजवळ, स्टेशनजवळ डबा अजिबात ठेवू नका. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या गर्दीत बेवारस डबा दिसला की पोलीस येतील आणि ते बरोबरच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही नको. तिथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात, कॅशसाठी कुणी माळ तुडवू नये.

त्यापेक्षा मी करतेय ते करा. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी शहराभोवती स्थापन केलेल्या ६८ लिंगांचे बिंदू घ्या. संक्रांतीच्या वेळी नंदीध्वज ज्यांच्या दर्शनाला जातात, तीच. डबा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही आणि काही लिंगं घरांच्या दाटीत अशी बसलीत की शेवटचे दहा मीटर तिथल्या बाईला विचारूनच सापडतात. माझी ४१ झालीत. प्रत्येकाची नोंद मी दोन वेगवेगळ्या दिवशी घेते आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिते, फरकासकट.

एक राहिलं. वापरलेलं यंत्र परदेशातून कुणी आणून देत असेल तर उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं, इनरीचसारखं, मागवू नका. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावरच अडकवतात. नुसतं ऐकणारं यंत्र वेगळं. आणि जे काही घ्याल त्याने कुणाचा बांध मोजू नका, कुणी कितीही थोरलं असलं आणि कितीही मागितलं तरी. माझं आता मी कपाटात कुलपात ठेवते.