नागपुरात नेट सुरू असतं, तरी व्हॉट्सॲप-इन्स्टाग्राम एकदम बंद का पडतात?
बहुतेक वेळा कारण हॅकिंग नसतं, कंपनीनेच केलेला चुकीचा बदल असतो. ४ ऑक्टोबर २०२१ चंच घ्या. देखभालीच्या एका कमांडने व्हॉट्सॲप-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या फेसबुक कंपनीची (आता मेटा) डेटा सेंटर जोडणारं अंतर्गत नेटवर्क तुटलं. अशी कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच बग होता. नेटवर्क तुटताच डीएनएस सर्व्हरांनी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे सर्व्हर) आपले बीजीपी मार्ग (आपल्यापर्यंत कसं पोचायचं हे बाकीच्या इंटरनेटला सांगणाऱ्या सूचना) मागे घेतले. म्हणजे सर्व्हर चालू, पण त्यांचा पत्ताच गायब! दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर, म्हणून जवळपास ६ तास गेले.

धरमपेठेत घरच्या वायफायवर चालत नसेल तर आधी मोबाइल डेटावर पाहा, मग दुसरी एखादी साइट उघडा. ती उघडली तर बिघाड बहुधा कंपनीकडचाच. ॲप मात्र काढून टाकू नका: बॅकअप नसेल तर चॅट जातील आणि सेवा बंद असताना पुन्हा लॉगिनही होणार नाही.