सावध खेळवणाऱ्या कॉलेज फुटबॉल प्रशिक्षकाकडे चांगले खेळाडू जातात का, आणि गेल्यास घडतात का?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये धोका टाळून खेळवणाऱ्या प्रशिक्षकामुळे भरतीवर आणि खेळाडूंच्या वाढीवर काय परिणाम होतो, असे आपण विचारले आहे. मी तेवीस वर्षे आयोवात राहतो, माझा मुलगा अशाच एका प्रशिक्षकाच्या हाताखाली चार वर्षे खेळला, आणि याच विषयावरून डॅलसला राहणाऱ्या माझ्या साडूंशी माझे बोलणे दोन दिवाळ्या बंद होते; तेव्हा माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

या शैलीचे नाव निघाले की आमच्याकडे पहिल्यांदा कर्क फेरेंट्झ आठवतात. १९९९च्या हंगामापासून ते आयोवा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. त्याआधी याच विद्यापीठात त्यांनी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चेंडू असलेल्या सोबत्यासाठी समोरच्यांना अडवणारी पुढची फळी, घडवली होती, आणि संघ आजही लाइनमनच्या डोक्याने खेळतो: चेंडू गमवायचा नाही, चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्याच्या शेवटच्या संधीला, पंट मारायचा (चेंडू लाथेने दूर समोरच्यांकडे धाडायचा) आणि उरलेले बचावफळीवर सोपवायचे. २०२२ साली त्यांनी साउथ डकोटा स्टेट विद्यापीठाला ७–३ असे हरवले, तेव्हा त्या सात गुणांत एकही टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण, नव्हता. एक फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला, तीन गुणांचा) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात अडवून मिळणारे दोन-दोन गुण) एवढीच ती कमाई होती. २०२३ मध्ये सामन्यामागे जेमतेम पंधरा गुण काढून संघाने दहा सामने जिंकले, आणि त्या वर्षी सर्वांत जास्त कौतुक झाले ते मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलर या पंटरचे.

माझा मुलगा शाळेत वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेला धावून पास झेलणारा, होता. उंची सहा फूट तीन इंच, हात चांगले, वेग बरा. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या विभागातील (डिव्हिजन थ्री) एका छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक आमच्या घरी आले. त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यामुळे पैशांचा विषय लवकर संपला. मी मुलाच्या झेलांची चित्रफीत लावली, ती त्यांनी दोन मिनिटे पाहिली, आणि मग माझ्या पत्नीला विचारले की तुमचे भाऊ किती उंच आहेत, त्यांची अंगकाठी कशी आहे. तिचे दोघेही भाऊ आडव्या हाडाचे, एक तर कोल्हापूरला तालमीत वाढलेला. हे ऐकून गृहस्थ एकदम खुलले. आम्हाला तो पाहुण्याने दाखवलेला आपलेपणा वाटला. मुलाला रिसीव्हर म्हणून नव्हे, तर त्याच्या मामांची हाडे पाहून नेत आहेत, हे मला दोन वर्षांनी कळले.

पहिल्या दोन हंगामांत त्याने एकूण नऊ झेल घेतले. बाकीचा वेळ तो दुसऱ्याच्या धावेसाठी ब्लॉक करत, म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवत, होता. तिसऱ्या वर्षी त्याला टाइट एंड, म्हणजे लाइनला लागून उभा राहून अडवणारा आणि अधूनमधून झेलणारा, केले, चौदा किलो वजन वाढवायला लावले, आणि शेवटच्या हंगामात तो प्रत्येक सामन्यात पहिल्या खेळीपासून मैदानावर होता. साडूंचे म्हणणे असे की मी पोराचे वाटोळे केले. टेक्सासमध्ये पाठवले असते तर त्याने हंगामाला पन्नास झेल घेतले असते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सावध प्रशिक्षक आज तयार असलेला खेळाडू शोधत नाही, तो चार वर्षांनी होणारे शरीर शोधतो. आयोवा राज्याची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास, त्यामुळे नावाजलेली मुले मुळातच थोडी, आणि असतील तीही ओहायो स्टेटसारख्या बड्या विद्यापीठांत ओढली जातात. म्हणून इथे डॅलस क्लार्क शिष्यवृत्तीशिवाय लाइनबॅकर (बचावातल्या दुसऱ्या रांगेचा) म्हणून येतो आणि टाइट एंड होऊन व्यावसायिक लीगच्या २००३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू-निवडीत, पहिल्या फेरीत निवडला जातो; रॉबर्ट गॅलरी टाइट एंड म्हणून येतो आणि टॅकल (लाइनच्या कडेचा) होऊन २००४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जातो; टायलर लिंडरबॉम बचावफळीतून लाइनच्या मधोमध, सेंटरवर, येतो. टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट हे एकाच संघाचे दोन टाइट एंड २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत गेले. लाइन, टाइट एंड आणि बचाव यांसाठी अशा प्रशिक्षकाइतकी चांगली शाळा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिसीव्हरसाठी मात्र ती शाळा नव्हे, एस. टी. स्टँड आहे. चार्ली जोन्सने २०२१ मध्ये आयोवाकडून २१ झेल घेतले, पुढच्या वर्षी पर्ड्यू विद्यापीठात जाऊन ११० घेतले. मुलगा तोच, हातही तेच. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीमुळे) ही वाट आता सोपी झाली आहे, आणि रिसीव्हर टिकत नाहीत म्हणून चांगला क्वार्टरबॅकही (पास फेकणारा) यायला कचरतो, हे दुखणे खरे आहे.

एक गोष्ट खरे तर आधीच लिहायला हवी होती. ‘घडवणे’ या शब्दाआड बरेच काही लपते. २०२० मध्ये आयोवाच्या अनेक माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी तिथल्या वागणुकीबद्दल उघड तक्रारी केल्या आणि शारीरिक तयारीच्या प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. तेव्हा तुमच्या घरातले कोणी भरतीच्या उंबरठ्यावर असेल, तर प्रशिक्षकाला संघाचे विजय विचारू नका. आपल्या मुलाच्या जागेवर खेळणारे गेल्या तीन वर्षांत किती आले, किती सोडून गेले आणि किती जणांची जागा बदलली, एवढे विचारा. हे मी विचारले नाही, ती चूक माझी. प्रशिक्षकाने स्वतःहून सांगितले नाही, ती त्यांची.

पण वाटोळे झाले, हे मला मान्य नाही. पन्नास झेलांचा हिशेब साडूंनी केला होता, मुलाने कधीच केला नाही. आज तो एका शाळेत ब्लॉकिंग शिकवतो आणि त्याला त्यात रस आहे. साडूंनी हे उत्तर वाचले, तर चार्ली जोन्सचे नाव घेऊन त्यांनी मला फोन करू नये. तो मुद्दा मी वर दिला आहे.