दोन लेथचं वर्कशॉप कागदावर आणावं का?

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अंबडला भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ, काम कच्च्या चलनावर, वर्षाची उलाढाल 15-16 लाख. नोंदणी केली तर टॅक्सवाले मागे लागतील का?

सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपचे हिशेब मी बघतो, आणि ही भीती गाळ्यागाळ्यात ऐकतो. उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, इन्कम टॅक्स हे सगळं लोक एकाच गाठोड्यात बांधतात. नुसतं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणं, ही सेवा. वर्षाला 20 लाखांच्या आत असाल तर जीएसटीची सक्ती नाही. नव्या करप्रणालीत धंद्याचं उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. भाडं, वीजबिल, कारागिरांचा पगार वजा जाता तुमच्या हातात किती उरतं ते तुम्हीच बघा. रिटर्न मात्र दरवर्षी भरा. बँक कर्ज देताना तेच मागते.

उद्यम नोंदणी आजच करा. आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत, फी नाही. हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी वेबसाइटपासून सांभाळा, सरकारी पोर्टलवरच जा.

तुमच्यासाठी खरी ताकद आहे ती अडकलेल्या पेमेंटच्या बाबतीत. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय एप्रिल 2024 पासून मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम समोरच्या कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे आता त्यांचा अकाउंटंटच आधी उद्यम नंबर विचारतो. नोंदणीआधीच्या बिलांवर हा हक्क सांगायला गेलात तर वाद होतो, म्हणून उशीर नको. आणि कच्चं चलन बंद करा, छापील बिल द्या, पैसे खात्यात घ्या.

एक अडचण खरी आहे. एमआयडीसीच्या जागेत पोटभाडेकरू ठेवायला परवानगी लागते. ती मालकाने घेतलेली नसते, म्हणून तो भाडेकरार देत नाही. पुढे जीएसटी घ्यायची वेळ आली की जागेचा पुरावा तिथेच अडतो. यात भाडेकरूचा काही दोष नाही, आणि ही परवानगी स्वस्त व सोपी झाल्याशिवाय असे शेकडो गाळे कागदावर येणार नाहीत असं माझं ठाम मत आहे. तुम्ही मालकाशी आत्ताच बोला, उलाढाल 20 लाखांच्या जवळ पोचायची वाट बघू नका.