न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला कॅम्परव्हॅनने 12 दिवस: चौघांच्या खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

तुम्ही विचारलंय, दोन मुलांसह व्हॅन घेतली तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल का. वेबसाइटवरचं रोजचं भाडं गुणिले 12 एवढंच धरलंत तर फसाल. आम्हीही चौघेच, मार्चमध्ये गेलो होतो.

भाडं रोज न्यूझीलंडचे 210 डॉलर, म्हणजे 2,520. (एक डॉलर ढोबळ 50 रुपये धरा.) पण विमा रोज 45 ने वेगळा. तो नको म्हटलात तर अपघातात पहिले काही हजार डॉलर तुमचे, आणि तेवढी अनामत काउंटरवर क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. आमच्या वेळी 7,500 म्हणाले. माझ्या कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा दीड लाख रुपये, त्यामुळे विमा घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरला नाही. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये मर्यादा बघून घ्या.

डिझेल गाडीला इंधनाशिवाय रस्ताकर वेगळा लागतो, 100 किलोमीटरला साधारण 8 डॉलर. गाडी परत देताना मीटर बघून घेतात. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, हास्ट, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका आणि आर्थर्स पासवरून परत, असं इकडेतिकडे धरून आमचे 1,500 किलोमीटर झाले. कर 120, डिझेल जवळजवळ 190 लिटर.

मुक्कामाचं गणित मात्र तुमच्या हातात आहे. खाजगी हॉलिडे पार्कात विजेच्या जोडणीसह चौघांचे एका रात्रीला 85 च्या आसपास गेले. वर गरम पाण्याची आंघोळ, मोठं स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन. डॉकची, म्हणजे तिथल्या सरकारी निसर्ग-संवर्धन खात्याची, कॅम्पसाइट त्याच्या निम्म्यात. माउंट कुकच्या पायथ्याची व्हाइट हॉर्स हिल त्यातलीच, आणि सगळ्या सहलीतली सर्वांत देखणी सकाळ तिथली. आम्ही दोन-दोन रात्री पार्कात आणि मग एक रात्र डॉकला असं केलं. कुठेही फुकट थांबू म्हणाल तर गाडी 'सेल्फ कंटेन्ड' (शौचालय, पाणी, सांडपाण्याची टाकी सगळं गाडीतच) प्रमाणपत्राची हवी, आणि जिथे परवानगी आहे तिथेच. दंड किमान काही शे डॉलरचा.

खाणं धरलं नाही तर एकूण 4,300 डॉलर, म्हणजे दोन लाखांच्या थोडं वर. भाडं त्यात निम्म्याहून थोडंसंच जास्त. हॉटेल आणि भाड्याच्या मोटारीपेक्षा फार स्वस्त नाहीच. वाचतं ते रोजच्या बाहेरच्या जेवणावर. रात्री वरणभात गाडीतच झाला की मुलंही खूश.

तांदूळ, डाळ तिथल्या सुपरमार्केटात मिळतात, घरून ओझं नेऊ नका. नेलंतच तर जे काही खायचं आहे ते सगळं न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. न लिहिल्यास जागेवर 400 डॉलर दंड. मध तर नेऊच नका. आमचा गोडा मसाला बघून सोडला, पण राजगडची माती लागलेले माझे बूट अधिकारी आत घेऊन गेल्या आणि धुऊन परत आणून दिले. दुकानातून आणल्यासारखे.

मुलं सात वर्षांखालची असतील तर त्यांना मान्यताप्राप्त चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि व्हॅनच्या प्रत्येक सीटवर ती बसत नाही. बुक करण्याआधी हे लेखी विचारा. लायसन्स इंग्रजीत असेल तर आपलंच चालतं, गाडीही डावीकडूनच.

आणि निघताना ड्रॉवरच्या खिट्ट्या बघा. लिंडिस पासच्या एका वळणावर आमचा ड्रॉवर उघडला आणि किलोभर तूरडाळ गाडीभर सांडली. गाडी परत देईपर्यंत आम्ही ती वेचत होतो.