देवाने करार केला होता, तर अब्राहामाला इतकी वर्षे का थांबावे लागले?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. देवाने अब्राहामाशी, म्हणजे यहुदी लोकांच्या मूळपुरुषाशी, संतती आणि देश देण्याचा करारच केला होता, तर मुलासाठी त्याला पंचवीस वर्षे का थांबावे लागले, हा पहिला. आणि अशा थांबण्याला श्रद्धा म्हणायचे की मुकाट्याने सोसणे, हा दुसरा. मी धर्मगुरू नाही. इब्री शास्त्रे (यहुद्यांचे धर्मग्रंथ, म्हणजेच बायबलचा जुना करार) मराठीतून आणि भाष्यांच्या आधाराने वाचणारा एक वाचक आहे, एवढे लक्षात ठेवून हे उत्तर वाचावे. दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिल्याची धार बरीच कमी होते. या ग्रंथांतला धीर मुका नाही. ज्याने वचन दिले त्याला जाब विचारण्याचा हक्क करारानेच मिळतो, आणि तो हक्क बजावत राहूनही जो दुसरी सोय पाहत नाही, त्यालाच येथे श्रद्धावान मानले आहे, असे माझे मत आहे.

उत्पत्ती या पहिल्या ग्रंथाचा पंधरावा अध्याय सावकाश वाचावा. देव अब्रामाला (हे अब्राहामाचे आधीचे नाव) म्हणतो की भिऊ नकोस, तुझे प्रतिफळ मोठे आहे; त्यावर अब्राम आभार मानत नाही, तर सरळ विचारतो की मी निपुत्रिक चाललो आहे आणि माझ्या घराचा वारस दमास्कसचा एलियेजर होणार आहे, मग तू मला देणार तरी काय? देव त्याला बाहेर नेऊन तारे मोजायला सांगतो आणि सहाव्या वचनात, म्हणजे श्लोकात, ते प्रसिद्ध वाक्य येते की अब्रामाने विश्वास ठेवला व देवाने ते त्याचे नीतिमत्त्व असे गणले. प्रवचनांत बहुधा येथेच थांबतात. पण लगेच आठव्या वचनात, कनान देश त्याला वतन म्हणून देण्याची गोष्ट निघताच, हाच माणूस विचारतो की हे मला मिळेल हे मी कशावरून समजावे? विश्वास आणि शंका यांच्यात एका वचनाचे अंतर आहे, आणि देव या प्रश्नावर रागावत नाही. तो करार करतो.

त्या कराराची पद्धत आपल्याला विचित्र वाटते. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचे एक पिलू आणायचे. जनावरे मधोमध कापून अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडायचे. पक्षी मात्र कापायचे नाहीत. यामागचा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या चौतिसाव्या अध्यायात उघड होतो. वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन ज्यांनी करार केला आणि मग मोडला, त्यांची गत त्या वासरासारखी करीन, असे तेथे देव म्हणतो. सीरियात सफीरे येथे सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकातल्या अरामी करारलेखातही हे वासरू कापले जाते तसा करार मोडणारा राजा कापला जावो, अशी शापवाणी आहे. म्हणजे त्या तुकड्यांमधून जाणारा स्वतःवर शाप ओढवून घेत असे. आता अब्रामाचा प्रसंग पाहा. सूर्य मावळतो, त्याला गाढ झोप लागते, आणि काळोखात धुमसणारी भट्टी व जळती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून जाते. अब्राम जातच नाही. कराराचा सगळा भार देवाने आपल्याकडे घेतला, असे अनेक भाष्यकार यावरून म्हणतात आणि मला ते पटते.

याच दृश्यातली एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जनावरे कापून मांडल्यावर लगेच काही घडत नाही. मांसावर हिंस्र पक्षी झेपावू लागतात आणि अब्राम त्यांना हाकलत राहतो. मशाल कधी येणार हे त्याला ठाऊक नाही, ती आणणे त्याच्या हातातही नाही. मांडलेले राखणे मात्र त्याच्या हातात आहे आणि तेवढे तो करतो.

उशिराचे कारण विचाराल तर मुलाच्या बाबतीत ग्रंथ ते सांगत नाही. देशाच्या बाबतीत सांगतो: तुझी संतती चारशे वर्षे परक्या देशात दास्यात राहील आणि चौथ्या पिढीत परत येईल, कारण त्या देशात राहणाऱ्या अमोरी लोकांचे पाप अजून पुरे भरलेले नाही. हे कारण अस्वस्थ करणारे आहे, पण त्यातून एवढे दिसते की या गोष्टीत वेळेचा हिशेब एकट्या अब्राहामापुरता मांडलेला नाही, त्यात इतरांचाही वाटा आहे.

मधल्या काळात काय झाले ते तुम्हाला माहीत असेलच. पहिले वचन मिळून हारान नगर सोडताना अब्राम पंचाहत्तर वर्षांचा होता. त्याची बायको साराय (पुढे सारा) आपली दासी हागार त्याला देते आणि तो शहाऐंशी वर्षांचा असताना इश्माएल जन्मतो. या घाईची किंमत मोजली ती मुख्यतः त्या दासीने, हे विसरू नये. तिचा आक्रोश देवाने ऐकला आणि तिलाही संततीचे वचन दिले, हे ग्रंथकर्त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पुढच्या तेरा वर्षांबद्दल एक अक्षरही नाही. मग नव्व्याण्णवाव्या वर्षी देव पुन्हा बोलतो, सुंतेची खूण ठरते, आणि मुलाचे वचन ऐकून अब्राहाम पालथा पडून चक्क हसतो. सारा हसते ती पुढच्या अध्यायात. तो शंभर वर्षांचा असताना इसहाक जन्मतो आणि आठव्या दिवशी त्याची सुंता होते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, इतर यहुदी जगापासून दीर्घकाळ दूर राहूनही जे थोडे विधी टिकवले, त्यांत आठव्या दिवसाची ही सुंता होती.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. जाब विचारणे चालत असेल, तर मिसरमधून (इजिप्तमधून) सुटल्यावर अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएलांना, म्हणजे अब्राहामाच्या वंशजांना, शिक्षा का झाली? गणना या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात ते नुसती कुरकुर करून थांबत नाहीत. आपण दुसरा पुढारी नेमून मिसरला परत जाऊ, असे ते एकमेकांना म्हणतात. सोन्याच्या वासराचेही तसेच आहे. त्यांचा पुढारी मोशे डोंगरावरून उतरायला उशीर करतो, तेव्हा लोक देवाला काहीच विचारत नाहीत, मोशेचा भाऊ अहरोन याच्याकडून दुसरा देव घडवून घेतात. याच्या उलट एकोणनव्वदावे स्तोत्र पाहा. दावीद राजाशी केलेल्या कराराची भरभरून स्तुती करता करता ते मध्येच उलटते आणि देवाच्या तोंडावर म्हणते की तूच आपल्या सेवकाचा करार झिडकारलास, तुझी ती पूर्वीची दया कोठे गेली? हबक्कूक संदेष्टाही तसाच, ‘किती वेळ?’ असे विचारून पहाऱ्यावर उभा राहतो, आणि दर्शनाला विलंब लागला तरी त्याची वाट पाहा, हे उत्तर त्याला मिळते. स्तोत्रकार आणि हबक्कूक देवाशी भांडतात, पण त्याच्याशीच भांडतात. माझ्या मते सगळा फरक येथे आहे.

यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष आहे, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, आणि नगर पडणार असे सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथमधले माझे शेत तू विकत घे, कारण जवळचा नातलग म्हणून सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. हे गाव वेढ्याच्या बाहेर आहे. सातबारा नावावर झाला तरी शेतात पाय ठेवता येणार नाही, अशी स्थिती. शिवाय याच अनाथोथच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठून कट केला होता. तरी तो सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखतावर सही करून मोहर लावतो, आणि मोहरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे देवाचे वचन होते. हा व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि तिचा शेवट असा की, पाहा, वेढ्याचे मोर्चे नगराला येऊन भिडले आहेत, आणि तू मला म्हणतोस की पैसे देऊन शेत विकत घे! पैसे देऊन झाल्यावरची ही तक्रार आहे.

यरुशलेम पडले. यिर्मयाला त्याच्या लोकांनी ओढत मिसरात नेले, आणि तो परत आल्याचा उल्लेख ग्रंथात कोठेही नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाला कोणी ‘धीर धरला की फळ मिळतेच’ असे उत्तर दिले, तर ज्याने शेत घेतले त्याला ते कसता आले नाही, हे त्यांना जरूर सांगा. एज्राच्या ग्रंथातल्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून पुढे परतलेल्यांची गाववार यादी आहे. तीत अनाथोथची माणसे 128 भरली.