सव्वापट क्रेडिट की रोख परतावा?

प्रश्न: आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. मी, मिस्टर, मुलगा आणि ७८ वर्षांच्या सासूबाई अशा चौघांसाठी दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलं होतं. जहाज दुरुस्तीला जाणार म्हणून कंपनीने सफरच रद्द केली. आता म्हणतात, १२५ टक्के क्रेडिट (म्हणजे पुढच्या सफरीत वापरायची, कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) घ्या आणि दीड वर्षात कधीही या, नाहीतर ४५ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण पैसे परत घ्या, सोबत पुढच्या बुकिंगवर १० टक्के सवलतीचं कूपन. आमचे एजंट सांगतात की क्रेडिटमध्ये सरळ ७२,००० रुपयांचा फायदा आहे. सासूबाईंना बोटीने न्यायची माझी फार इच्छा आहे. काय करावं?

उत्तर: ताई, पैसे परत घ्या. बिल, कंपनीची ईमेल आणि एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तुम्ही सोबत पाठवलात हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्या तीन कागदांतच आहे.

आधी ते ७२,००० बघू. तुमच्या बिलात क्रूझचं भाडं २,४०,००० रुपये आहे. बंदर शुल्क, जहाजावरच्या टिप्स आणि सिंगापुरातलं एका रात्रीचं हॉटेल मिळून ४८,०००. दोन्हींची बेरीज २,८८,०००, वर ५ टक्के जीएसटीचे १४,४००. एजंटनी २,८८,००० चे २५ टक्के काढले आणि ७२,००० म्हणून सांगितले. कंपनीच्या ईमेलमध्ये मात्र क्रेडिट फक्त मूळ भाड्यावर आहे, म्हणजे २,४०,००० च्या सव्वापट, ३,००,००० रुपये. वरचा बोनस ६०,००० चा झाला. हे क्रेडिट पुन्हा मूळ भाड्यापुरतंच वापरता येतं. बंदर शुल्क, टिप्स, कर नव्या बुकिंगला तुम्हाला खिशातून भरायचेच आहेत.

आता हे ६०,००० तरी हाती लागतात का? तुम्ही स्वतः कंपनीच्या साइटवर दर बघून कळवलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. पुढच्या वर्षी डिसेंबरात तशाच दोन केबिनचं भाडं २,९५,००० आहे आणि ऑगस्टमध्ये २,३०,०००. डिसेंबर धरला तर क्रेडिटमधून सगळं भाडं भागतं, ५,००० वाया जातात. रोख परतावा घेऊन तीच सफर १० टक्के सवलतीच्या कूपनवर केलीत तर भाडं पडतं २,६५,५००. म्हणजे २,४०,००० अडकवून ठेवण्याचा खरा फायदा २५,५०० रुपये. ऑगस्ट धरला तर चित्र उलटं होतं. कूपनवर ती सफर २,०७,००० ला मिळते. क्रेडिटवर मात्र तुमचे २,४०,००० गुंतलेले असतात आणि उरलेले ७०,००० परत मिळत नाहीत, पुढे वापरताही येत नाहीत. तिथे क्रेडिट घेणं ३३,००० रुपयांनी महाग पडतं. सव्वापट हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तो गर्दीच्या, महागड्या हंगामातच खरा ठरतो, आणि भाडी ठरवणं कंपनीच्याच हातात असतं. कूपनची मुदत तेवढी बघून घ्या. ते सहा महिन्यांत बुकिंग करण्यासाठी आहे, प्रवास नंतर चालतो.

डिसेंबरचे २५,५०० सुद्धा निव्वळ नाहीत. २,४०,००० रुपये १४ महिने मुदत ठेवीत ६.५ टक्क्यांनी राहिले तर साधारण १८,२०० रुपये व्याज होतं. नवं बुकिंग केल्यावर पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे लागतील, त्यामुळे पूर्ण व्याज मिळणार नाही हे मान्य. तरी क्रेडिटची बाजू सात-आठ हजारांपासून फार तर वीस-बावीस हजारांपर्यंत उरते. एवढ्यासाठी अडीच लाखांच्या आसपासची रक्कम एका प्रवास कंपनीकडे बिनतारण ठेवायची का, हा खरा प्रश्न आहे.

बिनतारण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रूझच्या क्रेडिटला तसलं काही नसतं. कंपनी बुडाली तर तुम्ही देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटून उभे. २०१९ मध्ये मुंबईहून मोठ्या थाटात सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२० मध्ये बंद पडली आणि तिचं ‘कर्णिका’ जहाज अलंगला भंगारात निघालं. आशियातली मोठी मानली जाणारी क्रूझ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. करोनाच्या काळात जगभरच्या अनेक क्रूझ कंपन्यांनी हेच १२५ टक्क्यांचं क्रेडिट वाटलं होतं. रोकड बाहेर जाऊ नये म्हणून ही युक्ती असते. कंपनीच्या बाजूने बघितलं तर ते बिनव्याजी कर्ज आहे. तुमची कंपनी अडचणीत आहे असं मी म्हणत नाही, तसं काही माझ्यासमोर नाही. पण अडचणीत असलेली कंपनी तुम्हाला ते ईमेलमध्ये कळवणार नाही.

टाळेबंदीत विमान कंपन्यांनीही प्रवाशांचे पैसे असेच क्रेडिटमध्ये अडकवले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला. पैसे लगेच देणं जमत नसेल तर क्रेडिट चालेल, पण त्यावर ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ द्या, ते दुसऱ्याच्या नावावर करू द्या आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरलं नाही तर रोख परत करा, असं न्यायालयाने ठरवून दिलं. तो निकाल टाळेबंदीतल्या विमान तिकिटांपुरता होता, तुमच्या क्रूझला लागू नाही. पण न्याय्य क्रेडिट कसं दिसतं याचं माप म्हणून तो मला उपयोगी वाटतो. तुमचं क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि मुदत संपली की शून्य होतं.

एजंटबद्दल तुमच्या मनात किंतु नसावा. तुम्हाला परतावा दिला गेला की त्यांचं कमिशनही जातं, म्हणून त्यांचा कल क्रेडिटकडे असणं साहजिक आहे. कित्येकदा त्यांनी कंपनीची अट नीट वाचलेलीही नसते. फक्त एक गोष्ट त्यांच्याकडून लेखी घ्या: परतावा आधी त्यांच्या खात्यात येणार की थेट तुमच्या, आणि ते त्यातून सेवाशुल्क कापणार का. सफर तुम्ही रद्द केलेली नाही, कंपनीने केली आहे, त्यामुळे जीएसटीचे १४,४०० सुद्धा परत यायला हवेत. बिलात टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या बिलासोबत आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, कापलेला आहे. तो एजंट परत देणार असतील तर उत्तम. सरकारकडे भरला गेला असेल तर ज्यांच्या पॅनवर आहे त्यांच्या विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळेल, म्हणून ते पॅन कोणाचं होतं ते आजच बघून ठेवा.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली, ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. एकूण रकमेतले ९०,००० क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या हप्त्यांनी, १६ टक्के व्याजाने भरलेत. म्हणजे न झालेल्या सफरीचं व्याज तुम्ही दर महिन्याला भरताय. क्रेडिट घेतलंत तर पुढचे सगळे हप्तेही तसेच जातील. परतावा कार्डावर जमा झाला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बँकेला फोन करून हप्ते मुदतीआधी बंद करायला सांगावं लागतं. त्याचं शुल्क आणि वाचणारं व्याज दोन्ही विचारून घ्या. परतावा वेळेत आलाच नाही तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून त्या ९०,००० वर कार्डाच्या बँकेकडे तक्रार करता येते. मात्र त्याला मुदत असते, आणि एकदा क्रेडिट स्वीकारलंत की मिटलेला व्यवहार म्हणून बँक तक्रार फेटाळू शकते.

त्या ईमेलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात काय आहे ते तुम्ही वाचलंत का? महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर क्रेडिट दिलं असं समजलं जाईल. गप्प बसणं म्हणजे होकार. ‘स्वीकारा’ या निळ्या बटणाला हात लावू नका, आणि एजंटला फोनवर सांगून भागवू नका. कंपनीला आणि एजंटला एकाच ईमेलमध्ये लिहा: “आपण रद्द केलेल्या सफरीसाठी आम्हाला क्रेडिट नको. भाडं, इतर शुल्क आणि जीएसटी यांची पूर्ण रक्कम मूळ खात्यात व कार्डावर परत करावी.” बुकिंग क्रमांक घाला. ४५ कामकाजाचे दिवस म्हणजे जवळजवळ नऊ आठवडे, तारीख मोजून कॅलेंडरवर लिहा. ती उलटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काही झालं नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

विमानाची तिकिटं तुम्ही वेगळी काढलीत, त्यांचं क्रूझ कंपनी काही देणार नाही. रद्द करण्याचं शुल्क उड्डाणाची तारीख जवळ येईल तसं वाढतं, तेव्हा त्याचा निकाल याच आठवड्यात लावा.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंय की नवी नवरी म्हणून त्या मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरल्या होत्या आणि अजून त्या बोटीच्या भोंग्याची गोष्ट सांगतात. हे वाचून मी थांबलो. क्रेडिट घेतलंत तर त्यांची सफर १४ महिन्यांनी होईल, तेव्हा त्या ७९ च्या पुढे असतील. त्या वयात परदेश प्रवासाचा विमा महाग होतो आणि जुन्या दुखण्यांसाठी अटी वाढतात. परतावा आला की त्यातून याच हिवाळ्यात मुंबईहून गोव्याकडे जाणारी दोन-तीन रात्रींची क्रूझ बघा. पासपोर्ट, विमान, टीसीएस काही नाही. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला घरून गाडीने जाता येतं. बुकिंग करताना चाकाच्या खुर्चीची सोय विचारा, लिफ्टजवळची केबिन मागा. जहाज दक्षिणेला निघालं की कोकण डाव्या हाताला राहतं, तेव्हा बाल्कनी परवडत असेल तर डाव्या बाजूची घ्या.